तहान कुणाची, उन्हाची की आजाराची?



सात वर्षांचा मुलगा. कधीच सुटलेली सवय परत आलीय, रात्री अंथरूण ओलं होतंय. शाळेत दिलेली पाण्याची बाटली मधल्या सुट्टीआधीच रिकामी. मोरीत लघवीच्या जागी मुंग्या दिसतात. आई म्हणते, ‘‘ऊन काय कमी आहे? तहान लागणारच.’’ आजी म्हणते, ‘‘उंची वाढतेय, म्हणून वाळलाय.’’ दोघींचं बोलणं पटण्यासारखं, आणि तिथेच घात होतो.

हा टाइप वन मधुमेह असू शकतो. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. ‘गोड फार दिलं’ म्हणून आईनं स्वतःला बोल लावू नये.

हा आजार कोणत्याही वयात होतो. पण मुलांमध्ये तो साधारण 4 ते 7 आणि 10 ते 14 या वयांत जास्त उघडकीस येतो. फिनलंडमध्ये मुलांतलं त्याचं प्रमाण जगात सर्वांत जास्त. तिथे आणि युरोपात इतरत्रही नवे रुग्ण हिवाळ्यात अधिक, उन्हाळ्यात कमी आढळतात. ऑस्ट्रेलियातही हिवाळ्यातच, फक्त तिथला हिवाळा जून ते ऑगस्ट.

1969 मध्ये ब्रिटनच्या गॅम्बल आणि टेलर यांनी या चढउताराची सांगड कॉक्सॅकी बी-4 विषाणूच्या प्रादुर्भावाशी घालून पाहिली. पण ज्या हिवाळ्यात आजार कळला, त्याच हिवाळ्यात तो सुरू झाला, असं नव्हे. पेशींविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं आधीच आलेली असतात.

विहीर चैत्रात तळ दाखवते, पण पाणी उतरायला लागलेलं असतं फार आधी. तसंच हे. सर्दीतापात शरीराला इन्सुलिन जास्त लागतं. वयात येतानाही लागतं. मुली थोड्या लवकर वयात येतात, म्हणून त्यांच्यात वयात येतानाचा हा चढ थोडा आधी दिसतो. मागणी वाढते आणि शिल्लक किती उरलीय ते कळतं.

म्हणून दिनदर्शिकेवर विसंबू नका. तहान, वारंवार लघवी, घटणारं वजन दिसलं, की त्याच दिवशी बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासा. उलट्या, पोटदुखी, जोराचा खोल श्वास असेल, तर तडक रुग्णालय गाठा. तपासणीला मिनिटही लागत नाही. साखर ठीक निघाली, तर उन्हाला खुशाल दोष द्या.