सहकार्याचे करार आणि विद्येचा वाटा



आपल्या ज्ञातीतील अनेक तरुण आज लहानमोठे कारखाने चालवीत आहेत, आणि दुसऱ्या कारखान्याशी सहकार्याचा करार करण्याचे प्रसंग त्यांना वारंवार येतात. अशा करारांत भांडवल किती, नफ्याचा हिस्सा किती, हे काटेकोरपणे लिहिले जाते. परंतु एकमेकांपासून शिकलेल्या आणि दोघांनी मिळून जोडलेल्या विद्येचे पुढे काय, याविषयी कागद बहुधा मुका असतो. भागी मोडते तेव्हा यंत्रांची वाटणी होते; विद्या मात्र ज्याने जपली त्याच्याकडेच राहते, आणि दुसऱ्याच्या कामगारांवर घरी बसण्याची पाळी येते.

टेल्कोचे उदाहरण मननीय आहे. १९५४ साली तिने पश्चिम जर्मनीच्या डायम्लर-बेंझ कंपनीशी मालमोटारी बनविण्याचा पंधरा वर्षांचा करार केला. परंतु मुदत संपण्याची वाट पाहत ती स्वस्थ बसली नाही. १९५९ साली जमशेदपूर येथे आणि १९६६ साली, सुमंत मुळगावकर यांच्या धुरीणत्वाच्या काळात, पुण्यास तिने संशोधनकेंद्रे उभारली. १९६९ साली करार संपला, गाडीवरील तारा गेला. शिकलेली विद्या मात्र राहिली. १९८६ साली जपानी सहकार्याने बनणाऱ्या हलक्या मालमोटारींपुढे तिने '४०७' ही स्वतःच्या आराखड्याची गाडी उभी केली. स्नेहही तुटला नाही. १९९४ साली मोटारींसाठी हे दोघे पुण्यास पुन्हा एकत्र आले.

यावरून आपण तीन गोष्टी कराव्यात. करारापूर्वीच आपापल्या विद्येची यादी करावी: नकाशे, साचे, मिश्रणांची प्रमाणे, गिऱ्हाइकांची नावनिशी. संयुक्त श्रमातून जे निपजेल ते कोणी, कोणत्या मालासाठी व किती काळ वापरावे, हे स्पष्ट लिहावे. आणि शिकलेले काहीही तोंडी न ठेवता नोंदवहीत उतरवावे, व प्रत्येक काम आपल्या निदान दोन माणसांना पुरते अवगत करून द्यावे.

सर्वच झाकून ठेवणाऱ्याची भागी फळत नाही. सर्वच उघडे टाकणाऱ्याचे दुकान राहत नाही. आरंभीच मर्यादा आखली, तर विश्वास उणा न होता उलट दृढच होतो. आपल्या तरुणांनी हा विचार ध्यानी घ्यावा, एवढीच विनंती.