मालक कोण? सॉल्ट लेकमध्ये पाहिलेले आणि आपल्याकडचे

(नगरपालिका व अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण. किरकोळ संपादन करून देत आहोत.)



संयोजकांनी मला विषय दिला आहे 'स्थानिक स्वराज्य संस्था आणि दुर्बल घटकांसाठी आधारसेवा'. नाव इतके लांब आहे की ते समजावून सांगेपर्यंत चहाची वेळ होईल. म्हणून मी व्याख्येत न शिरता एका गावापासून सुरुवात करते. गाव म्हणजे कोलकात्याचे सॉल्ट लेक. कामगार संघटनेच्या बैठकीसाठी मी तिथे गेले होते. बैठक संपल्यावर गाडीला दीड दिवस होता, तो तिथल्या अंगणवाडीतल्या बहिणींबरोबर काढला. त्यांची हिंदी आणि माझी हिंदी, दोन्ही सारख्याच. पण मानधनाविषयी बोलायला भाषा फारशी लागत नाही.

सॉल्ट लेकचे सरकारी नाव बिधाननगर, डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या नावावरून. मुख्यमंत्री असताना त्यांनी ही वसाहत हाती घेतली. खाऱ्या पाण्याची दलदल आणि मासेपालनाची तळी होती तिथे. १९६२ पासून हुगळी नदीतला गाळ नळांतून आणून ती भरली. आराखडा युगोस्लाव्हियाच्या तोश्कोविच या वास्तुविशारदाचा. भूखंड मध्यमवर्गीयांना ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांची मोठी छावणी याच भरलेल्या मोकळ्या जमिनीवर होती. रस्ते रुंद, प्रत्येक ब्लॉकला बाग, बाजार, समाजमंदिर. आराखड्यात सगळे होते. घरात भांडी घासणारी, म्हाताऱ्याचे अंग पुसणारी बाई राहणार कुठे, तेवढे मात्र त्यात नव्हते. ती मग कालव्याच्या काठाने आणि बायपासच्या बाजूला दत्ताबादसारख्या वस्त्यांत राहिली, नाहीतर पहाटेच्या लोकलने बिधाननगर रोड स्टेशनवर उतरू लागली.

आज त्या रुंद रस्त्यांवरच्या दुमजली घरांत बरीच म्हातारी माणसे एकटी राहतात. मुले बंगळूरला, अमेरिकेत. फोन रोज येतो, माणूस येत नाही. आपल्याकडे पुण्यातल्या कोथरूडला, मुंबईतल्या विलेपार्ल्याला हेच चित्र आहे, त्यामुळे मला काही नवल वाटले नाही. नवल वाटले ते या माणसांची विचारपूस कोण करते हे कळल्यावर. तिथल्या पोलिसांनी एकट्या ज्येष्ठांसाठी 'सांझबाती' नावाची योजना काढली. सांझबाती म्हणजे आपली सांजवात. नाव फार गोड आहे, आणि अडचणीच्या वेळी पोलीस मदतीला येत असतील तर त्यांना नावे ठेवायचे मला कारण नाही. पण ज्या माणसाला औषध वेळेवर द्यायचे आहे, न्हाणीत धरून न्यायचे आहे, त्याला पोलीस कसा पुरणार? ते काम करते आया. 'आया सेंटर' नावाची खाजगी दलाली तिथे गल्लोगल्ली आहे. सेंटर घराकडूनही पैसे घेते आणि बाईच्या रोजातूनही कापते. बारा तासांची पाळी. आजारी पडली तर दुसरी बाई पाठवतात, आणि हिचा रोज बुडतो.

आता त्याच रस्त्याच्या पलीकडे चला. बायपासलगतच्या एका वस्तीत क्लबच्या खोलीत अंगणवाडी भरते. मी गेले तेव्हा मदतनीस खिचुडी ढवळत होती, सेविका एका हाताने अंडी मोजत होती आणि दुसऱ्या हाताने मोबाईलवर पोषण ट्रॅकर भरत होती. तिथे सेविकेला दिदिमणी म्हणतात. खोलीतल्या वीसबावीस लेकरांपैकी बहुतेकांच्या आया त्या वेळी पलीकडच्या बंगल्यांत कामाला होत्या. अंगणवाडी दुपारी सुटते, आई संध्याकाळी येते. मधले चार तास? दिदिमणी हसली आणि म्हणाली, "दीदी, तेवढा वेळ मोठी बहीण असते." मोठी बहीण म्हणजे आठ वर्षांची, शाळेत जायच्या वयाची.

पाहा, एकाच बाईवर दोन संसार टेकलेले आहेत. ती रस्त्याच्या अलीकडे म्हाताऱ्याला सांभाळते म्हणून पलीकडे तिचे मूल कोणीच सांभाळत नाही. आणि तिचे मूल सकाळी दोन-चार तास जी सांभाळते, त्या सेविकेलाही सरकार कामगार म्हणत नाही, 'मानसेवी' म्हणते. वृद्ध, बालक, बाई या तिघांचाही नगरपालिकेशी काही संबंध आहे की नाही, हा माझा आजचा प्रश्न आहे.

संबंध आहे, आणि तो संविधानात लिहिलेला आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १९९२ साली झाली, १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने बारावी अनुसूची जोडली. त्यात नगरपालिकांच्या अठरा कामांची यादी आहे. नववी नोंद आहे समाजातील दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण, आणि त्यात अपंग व मतिमंद व्यक्तींचा स्पष्ट उल्लेख आहे (शब्द त्या काळचे आहेत, आज आपण दिव्यांग, बौद्धिक अक्षमता असे म्हणतो). दहावी झोपडपट्टी सुधार, अकरावी शहरी दारिद्र्य निवारण. बिधाननगरला नगरपालिका त्यानंतर, १९९५ साली आली, आणि २०१५ साली राजारहाट-गोपालपूर जोडून महापालिका झाली. म्हणजे ही नगरपालिका जन्मली तीच नववी नोंद कपाळावर घेऊन.

मग काम का होत नाही? कारण त्याच दुरुस्तीतल्या २४३-डब्ल्यू कलमात एक शब्द आहे. राज्य विधिमंडळ ही कामे नगरपालिकांना सोपवू 'शकेल' असे तिथे म्हटले आहे. सोपवील असे नाही. या एका शब्दात तीस वर्षे गेली. काम सोपवले तर पैसा सोपवला नाही, दोन्ही सोपवले तर माणूस नेमला नाही. बाल विकास प्रकल्प महिला व बालविकास खात्याकडे राहिला. आपल्याकडे संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलदाराकडे. दिव्यांगाचा दाखला सरकारी रुग्णालयात. म्हाताऱ्याची विचारपूस पोलिसांकडे. एक विधवा, तिची सासू आणि तिचे अपंग मूल अशा एका घराला चार दारे ठोठवावी लागतात, आणि प्रत्येक दारावर विचारतात, झेरॉक्स कुठे आहे?

पैशाचे दोनच आकडे सांगते. १५ ऑगस्ट १९९५ ला राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शन सुरू झाली तेव्हा केंद्राचा वाटा होता महिना ७५ रुपये. २००६ साली तो २०० झाला आणि ऐंशीच्या आतल्या म्हाताऱ्यांसाठी पुढे पंधरा वर्षांहून अधिक काळ दोनशेवरच थांबला. राज्ये वर भर घालतात ती त्यांच्या मर्जीने, बहुधा निवडणुकीच्या तोंडावर. आणि आपले मानधन? २ ऑक्टोबर १९७५ ला ही योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली, त्यांतले फक्त चार शहरी होते. तेव्हा मॅट्रिक सेविकेला १५० आणि नॉनमॅट्रिकला १०० रुपये. २०११ साली केंद्राने सेविकेसाठी ३,००० ठरवले. त्यानंतर साडेसात वर्षे गेली, आणि १ ऑक्टोबर २०१८ पासून ४,५०० केले, मदतनीसाला २,२५०. यातला कोणताही रुपया मोर्चाशिवाय वाढलेला नाही हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. आपण ४ डिसेंबर २०२३ पासून ५२ दिवस संपावर होतो. त्या थंडीत आझाद मैदानावर काढलेल्या रात्री ज्यांना आठवतात त्यांनी मान हलवली तरी पुरे.

सेविकेची ही कथा एकटीची नाही. कोलकाता महानगरातल्या नगरपालिकांनी १९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जावर वस्त्यांसाठी आरोग्य प्रकल्प चालवला. घरोघर जाणाऱ्या बायकांना नाव दिले 'ऑनररी हेल्थ वर्कर'. लसीकरण, गरोदर बाईची नोंद, कुटुंब नियोजन, सगळे त्यांच्याकडून. प्रकल्पाची मुदत संपली, कर्ज फेडायचे राहिले आणि बायका मानधनावर राहिल्या. नाव बदलून तुम्ही हीच गोष्ट मुंबईत, नागपुरात, सोलापुरात सांगू शकता.

इथे कोणी म्हणेल, परदेशात बघा, तिथे नगरपालिकाच सगळे करते. इंग्लंडमध्ये खरेच कायद्याने स्थानिक कौन्सिलवर ही जबाबदारी आहे. मुलांसाठी १९८९ चा कायदा आहे, प्रौढांसाठी २०१४ चा. एकट्या म्हातारीला आधार हवा असेल तर कौन्सिलचा माणूस घरी येऊन तिच्या गरजा तपासतो. पण तिथेही १९९० नंतर घरी जाऊन करायची सेवा खाजगी कंपन्यांना ठेक्याने दिली गेली. मग काय झाले? पंधरा मिनिटांची भेट. पंधरा मिनिटांत म्हातारीला उठवा, धुवा, खाऊ घाला आणि पळा, आणि पळण्याच्या वेळेचा पगार नाही. युनिसन या तिथल्या संघटनेने २०१२ साली एक सनद काढली. पंधरा मिनिटांच्या भेटी बंद करा, प्रवासाचा वेळ पगारात धरा, कामाचे तास निश्चित द्या. काही कौन्सिलांनी ती स्वीकारली. मला त्यात आवडले ते हे की, कामगाराची मागणी आणि म्हातारीची गरज त्यांनी एकाच कागदावर मांडली. आपण निवेदनात फक्त आपले मानधन लिहितो. लाभार्थी मातांच्या सह्या घ्यायचे आपल्याला सुचत नाही.

बर्मिंगहॅमचे उदाहरण आपल्या पुरुष बांधवांसाठी सांगते. तिथल्या कौन्सिलमध्ये कचरा उचलणाऱ्या पुरुषांना बोनस मिळे. स्वयंपाकी, सफाई आणि सेवा करणाऱ्या बायकांना मिळत नसे. बायका कोर्टात गेल्या. जुने समान वेतनाचे देणे इतके साचले की २०२३ साली कौन्सिलने हात वर केले, त्याच्या कारणांत हे मोठे कारण होते. आपल्या नगरपालिका संघटनांमध्येही कायम सफाई कामगाराची मागणी पहिल्या पानावर आणि मानधनवालीची शेवटच्या ओळीत असते. राग मानू नका, पण तसे आहे.

आपल्या देशात केरळ जरा पुढे आहे. १९९६ च्या लोकयोजनेत तिथे योजनानिधीचा एक तृतीयांशाहून मोठा भाग पंचायत-नगरपालिकांना दिला गेला. २००८ च्या धोरणानंतर अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाणारी परिचारिका स्थानिक संस्थेमार्फत मिळू लागली. म्हणजे पैसा खाली गेला तर काम होते. तरी त्याच केरळात २०२५ साली आशाताई मानधनासाठी सचिवालयासमोर महिनोन्महिने बसल्या. तेव्हा कोणत्याही राज्याची आरती ओवाळायचे कारण नाही.

आता मालकाचा प्रश्न. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने अमीरबी खटल्यात सांगितले की सेविका सरकारी पदावर नाहीत. तो निकाल दाखवून आपल्याला सोळा वर्षे गप्प बसवले. २५ एप्रिल २०२२ ला मणिबेन भारिया खटल्यात न्या. अजय रस्तोगी आणि आपल्या ठाण्याचे न्या. अभय ओक यांनी सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटी लागू असल्याचा निकाल दिला. मानधन हे वेतनच आहे, अंगणवाडी ही आस्थापना आहे, आणि २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तिच्यावर कायदेशीर कर्तव्ये टाकली आहेत, ही त्यातली कारणे. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. पण निकालातली ही कारणे कायद्याचे नाव बदलले म्हणून बाद होत नाहीत, हे आपल्या वकिलांनी आत्तापासूनच मांडून ठेवले पाहिजे.

माझे म्हणणे एवढेच आहे. नववी नोंद ज्या संस्थेच्या यादीत आहे, त्या संस्थेच्या आस्थापनेवर ते काम करणारी माणसे असली पाहिजेत. प्रभागात एक दार, आणि त्या दारात पगारी, नेमलेली बाई. आयासाठी दलालाऐवजी नगरपालिकेची नोंदवही आणि ठरलेला दर. अंगणवाडीच्या मुलासाठी संध्याकाळपर्यंत पाळणाघर, आणि त्या जादा तासांचे वेगळे वेतन. आधी वेतन ठरवा, मग तास वाढवा. उलट झाले तर तेही आपल्याच डोक्यावर येईल, अनुभव आहे.

पैसा नाही असे मुख्याधिकारी म्हणतील. महाराष्ट्रात महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के आणि दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखून ठेवण्याचे आदेश आहेत. तो जातो कुठे? शिलाई प्रशिक्षण, एखादा मेळावा, आणि मार्चअखेर उरलेला दुसऱ्या शीर्षाखाली वळता. २०२२ नंतर बऱ्याच महापालिकांत कित्येक वर्षे प्रशासक होते, तेव्हा विचारायलाही कोणी नव्हते. आता नगरसेवक आहेत, त्यांना विचारता येते.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक शाखेने आपल्या नगरपालिकेची अर्थसंकल्पाची पुस्तिका आणायची आहे. देत नसतील तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका, नमुना कार्यालयात ठेवला आहे, दहा रुपयांचे तिकीट लावायला विसरू नका. या दोन शीर्षांखाली तीन वर्षांत तरतूद किती, खर्च किती, कशावर, आणि त्यातून पगार मिळालेली माणसे किती, एवढे चार रकाने भरून आणा. चौथा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा येईल असा माझा अंदाज आहे. तरी तो आखूनच आणा.