दुपारच्या उन्हात उभ्या गाड्या



या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही एका इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरला दिलंत. या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात पॅनेल बसवण्यात आणि केबल ओढण्यात माझी तीस वर्षं गेली. आज जे बोलणार आहे ते मीटरच्या पेटीसमोर उभं राहून पाहिलेलं आहे.

सकाळी दहानंतर महापेत एक चक्कर मारा. मिलेनियम बिझनेस पार्कच्या आसपास, शिळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, कारखान्यांच्या आवारात गाड्या ओळीनं उभ्या असतात. संध्याकाळपर्यंत त्या जागच्या हलत नाहीत. राज्यात सूर्याची वीज सर्वांत जास्त तयार होते ती याच वेळात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये १६,००० मेगावॅटचं लक्ष्य आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून ते सगळं चाललं आहे. हे प्रकल्प जसजसे उभे राहतील तसतशी दुपारची वीज वाढतच जाणार. आपली इलेक्ट्रिक गाडी मात्र प्लगला लागते ती रात्री आठला, डोंबिवलीच्या किंवा कोपरखैरण्याच्या पार्किंगमध्ये. तेव्हा घराघरांत एसी सुरू झालेले असतात, सूर्य मावळलेला असतो आणि भार मुख्यत: कोळशावर असतो.

हिशेब अगदी साधा आहे. रोज जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर धरा. एका युनिटला सहा-सात किलोमीटर धरले तर सात-आठ युनिटं लागतात. ३.३ किलोवॅटच्या साध्या पॉइंटवर हे काम अडीच तासांत होतं. फास्ट चार्जरचीही गरज नाही. पंधरा-सोळा अँपिअरचा चांगला सॉकेट, नीट अर्थिंग, स्वतंत्र आरसीसीबी आणि सबमीटर एवढं पुरतं. यातलं काय आपल्या वायरमनला जमत नाही?

मग अडतं कुठे? अडतं परवानगीच्या आणि दराच्या कागदावर. चार्जिंग म्हणजे विजेची विक्री नव्हे, त्याला परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं २०१८ मध्येच स्पष्ट केलं. सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचना आणखी पुढे गेल्या. चार्जिंग स्टेशनला सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळात सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट दरानं वीज द्यावी, इतर वेळी १.३ पट, असं त्यांत म्हटलं आहे. तत्त्व मान्य झालं, पण स्टेशनपुरतं. चाळीस माणसांच्या कारखान्याला आपल्या कामगारांसाठी दहा पॉइंट बसवायचे असतील, तर ते औद्योगिक मीटरवर येतात, मंजूर भार आणि डिमांड चार्ज वाढण्याची भीती मालकाला वाटते, आणि तो म्हणतो, नको ती कटकट. भाड्याच्या गाळ्यात तर घरमालकाची संमती हवी. नव्या इमारतींत पार्किंगच्या २० टक्के जागांवर चार्जिंगची सोय असावी, ही तरतूद केंद्राच्या नमुना बांधकाम उपविधींत २०१९ मध्ये आली. पण महापेतले बहुतेक गाळे त्याच्या कितीतरी आधीचे आहेत.

म्हणून महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाला माझं मागणं आहे की कामाच्या ठिकाणच्या चार्जिंगला दरपत्रकात स्वतंत्र जागा द्या. सबमीटर लावा, सूर्याच्या वेळात सवलत द्या, आणि त्या वेळात या भाराची डिमांड मोजू नका. एमआयडीसी आपल्या क्षेत्रात स्वत: नियोजन प्राधिकरण आहे, जुन्या भूखंडांवरही ती अशी चार्जिंगची सोय घडवून आणू शकते.

वाहतूक आणि वीजपुरवठा यांचा विचार एकत्र करणं आपल्या भागाला नवीन नाही. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, आणि चारच वर्षांत अशा गाड्यांना वीज द्यायला जीआयपी रेल्वेनं ठाकुर्लीला चोळ्याचं पॉवर हाऊस उभं केलं. शिळफाटा ओलांडला की ठाकुर्ली फार लांब नाही.

आता बॅटरी. हा विषय माझ्या जास्त जिव्हाळ्याचा आहे.

मागच्या पावसाळ्यात ओळखीचे एक टेम्पोवाले दादा माझ्याकडे आले. इलेक्ट्रिक तीनचाकी, वॉरंटी नुकती संपलेली, गाडी चाळीस किलोमीटरवर बंद पडायची. आम्ही पॅक उघडला. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचे सोळा गट सिरीजमध्ये होते, पंधरा ठणठणीत आणि एक कमजोर. तो एक ३.२ व्होल्टचा गट खाली गेला की पॅकवर लक्ष ठेवणारं सर्किट, म्हणजे बीएमएस, सगळा पॅक तोडायचं. गट बदलणं हे अर्ध्या दिवसाचं काम. पण बीएमएसला कुलूप होतं. नवीन सेल ते स्वीकारेना, आणि आतली नोंद आम्हाला वाचता येईना. उत्पादकाकडून एकच उत्तर आलं, पूर्ण पॅक बदला. ती रक्कम ऐकून दादा माझ्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. ज्या वस्तूचे पैसे त्यांनी फेडले, तिच्या आत काय बिघडलं हे जाणून घ्यायचा हक्कही त्यांना नव्हता. मला तो दिवस विसरता येत नाही.

त्यात कर बघा. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के, बॅटरीशिवाय घेतली तरी ५ टक्के. बॅटरीविना गाडीची नोंदणी करायला केंद्रानं ऑगस्ट २०२० मध्ये मुभाही दिली. पण सुटी लिथियम बॅटरी घ्यायला जा, १८ टक्के. म्हणजे नवी गाडी घेणाऱ्याला सवलत, आणि जुनी गाडी चालती ठेवणाऱ्याला, बॅटरी बदलून घेणाऱ्याला दंड. हा फरक जीएसटी परिषदेनं मिटवलाच पाहिजे.

यावर सुरक्षेचा मुद्दा निघतो, आणि तो खरा आहे. २०२२ मध्ये स्कूटर पेटल्या, माणसं दगावली. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक कडक झालं, ते योग्यच झालं. कुणीही उठावं आणि लिथियमचा पॅक फोडावा, असं मी कधीही म्हणणार नाही. पण कुलूप म्हणजे सुरक्षा नव्हे. नोंद वाचता आली नाही की कारागीर अंदाजानं काम करतो, आणि आग लागते ती अंदाजानं. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीनं बॅटरीच्या प्रकृतीची माहिती मालकाला वाचता आली पाहिजे असं बंधन घातलं. फेब्रुवारी २०२७ पासून इलेक्ट्रिक गाडीच्या प्रत्येक नव्या बॅटरीला तिथे डिजिटल पासपोर्ट लागेल. आपल्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत उत्पादकाची जबाबदारी आहे, जुनी बॅटरी पुन्हा वापरात आणणाऱ्यांची नोंदणीही आहे. या नियमांना फक्त माहितीच्या हक्काची जोड हवी, आणि कारागिरांना प्रशिक्षण देऊन परवाना. पुण्यात वाहनांची चाचणी करणारी एआरएआय आहे, गावोगावी आयटीआय आहेत. महापे, रबाळे, ऐरोलीची डेटा सेंटरं बॅटऱ्यांच्या रांगांवर उभी आहेत. गाडीतून निवृत्त झालेल्या पॅकला बॅकअपचं दुसरं आयुष्य द्यायचं तर त्याची सुरुवात इथून दुसरीकडे कुठे होणार?

वीज कायदा २००३ प्रमाणे दर ठरवण्याआधी आयोगाला लोकांच्या सूचना व हरकती ऐकाव्या लागतात. पुण्याच्या प्रयाससारखी संस्था वर्षानुवर्षं या सुनावण्यांत अभ्यास करून बोलते आहे. आपल्यासारखे हातानं काम करणारे मात्र तिथे क्वचितच दिसतात. जेवणानंतर या मागण्यांच्या ठरावाचा मसुदा फिरेल. सही करताना खाली आपलं एक उदाहरण लिहा, कुठल्या आवारात पॉइंट नाकारला, कुठला पॅक उघडता आला नाही. त्या टेम्पोवाल्या दादांनी मला सुनावणीची तारीख कळवायला सांगितलं आहे. तो एक दिवस ते फेरी बंद ठेवणार आहेत.