आज कोण आलं नाही?



चौतीस वर्षं मी रोज सकाळी एकच काम केलं. कॅटलॉग उघडायचा आणि नावं पुकारायची. "हजर, बाई" असं उत्तर आलं की खूण, नाही आलं की शून्य. निवृत्त झाल्यावर वाटलं होतं, हजेरीशी आपला संबंध संपला. पण गेल्या हिवाळ्यात लेकीकडे राहायला गेले आणि तो पुन्हा जुळला.

माझी लेक अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, बॉथेल नावाच्या गावात राहते. सिएटलच्या ईशान्येला, समामिश नदीकाठी वसलेलं हे गाव. अर्धं एका काउंटीत, अर्धं दुसऱ्या. मराठी बोलणारी कुटुंबं तिथे बरीच आहेत, गावात मंदिरही आहे. डिसेंबरात दुपारी साडेचारच्या आतच दिवस मावळतो आणि त्या वेळी विद्यापीठाच्या आवारातल्या पाणथळीवर कावळे उतरतात. शेदोनशे नव्हे, हजारोंनी. नात मला रोज ते दाखवायला न्यायची. शंभर टक्के उपस्थिती! अशी हजेरी मला नोकरीत एकदाही पाहायला मिळाली नाही.

नातीला एकदा ताप आला. सकाळी लेकीने शाळेला फोन केला. पलीकडे माणूस नव्हता, यंत्र होतं. हजेरीसाठी ती वेगळी लाइन असते. मुलीचं नाव, वर्ग आणि कारण सांगून लेकीने फोन ठेवला. मी विचारलं, "आणि विसरलीस तर?" ती म्हणाली, "मग शाळाच विचारते, आई." महिन्यात एक दिवस जरी मूल न कळवता गैरहजर राहिलं तरी पालकांना कळवायचं, असा तिथला कायदाच आहे.

त्या कायद्याला लोक 'बेका बिल' म्हणतात. बेका नावाची टकोमा शहरातली 13 वर्षांची मुलगी वारंवार घरातून पळून जायची. 1993 साली तिचा खून झाला आणि 1995 साली हा कायदा आला. मूल शाळेत आलं नाही याचा अर्थ ते कुठेतरी आहे, ते कुठे आहे हे कुणीतरी विचारलं पाहिजे, असा त्यामागचा धडा. महिन्यात तीन विनाकारण गैरहजेऱ्या झाल्या की पालकांची बैठक. महिन्यात 7 किंवा वर्षात 15 झाल्या की प्रकरण थेट बालन्यायालयापर्यंत जाऊ शकतं. आजारपण, दवाखाना, घरातलं संकट, धार्मिक सण ही कारणं मात्र चालतात. दिवाळीला तिथे सरसकट सुट्टी नसते, पण पालकांनी कळवलं तर तो दिवस विनाकारण धरत नाहीत. आणि प्राथमिक शाळेत कारण देऊनही वर्षात दहा दिवस बुडले, तर शाळा बसून बोलायला बोलावते. मला हे फार आवडलं. कारण खरं असलं तरी दिवस बुडतोच ना!

आता आपल्या लोकांची अडचण ऐका. तिथली नाताळची सुट्टी दोन आठवड्यांची. उन्हाळ्याची मोठी सुट्टी जूनअखेरीला लागते, म्हणजे आपल्याकडे ऐन पावसाळा. लग्नं डिसेंबरात. जावयाच्या धाकट्या भावाचं लग्न पुण्यात होतं आणि चार आठवडे राहायचं मनात होतं. लेक स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बोटाने दिवस मोजत बसली. शाळेचे सलग वीस दिवस मूल आलं नाही तर त्याचं नाव पटावरून कमी होतं. परत आल्यावर नव्याने दाखल करायचं, आणि वर्गात जागा नसली तर प्रश्नच. शेवटी त्यांनी लग्नानंतरचं कोकण रद्द केलं. आधी कळवून ठेवल्यामुळे बैठक टळली. प्रवासात काय वाचायचं, काय लिहायचं, ते मात्र बाईंशी ठरवून घ्यावं लागलं.

वीस दिवसांनी नाव कमी! हे ऐकून मी गप्प झाले. कारण आमच्याकडे नेमकं उलटं होतं.

मी बालाघाटाच्या डोंगरावर, ऊसतोडीच्या पट्ट्यात नोकरी केली. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, म्हणजे जाणं भागच. त्यांच्याबरोबर पोरं जायची ती मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्यावरच्या खोपटांत. वर्ग अर्ध्यावर यायचा. तरी नावं पटावर राहायची, कारण पट घटला की शिक्षकाचं पद जातं. तेव्हा आम्ही काय करत होतो, ते आज सांगायला हरकत नाही. न आलेल्या मुलांपुढे हजेरीची खूण करत होतो. सगळेच करत होते असं म्हणणार नाही, मी करत होते.

मग 2011 साली पटपडताळणी झाली. आधी नांदेड जिल्ह्यात, जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांच्या पुढाकाराने, आणि ऑक्टोबरात सगळ्या राज्यात एकदम. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मतदानासारखी बोटाला शाई लावली. पोरांना मोठी गंमत वाटली. आम्हाला नाही वाटली. राज्यभरात पटावरची लाखो मुलं वर्गात नव्हती. वर्तमानपत्रांनी त्यांना 'बोगस' म्हटलं. त्यातली बरीच नावं खरोखर बोगस होती, पण काही उसाच्या फडात होती, धाकट्या भावंडाला सांभाळत. अशा मुलांना गावातच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहं निघाली, त्यांचा उपयोग झाला. ती हंगाम सुरू होण्याआधी उघडली असती तर अधिक झाला असता.

म्हणजे बघा, तिथे पैशाच्या हिशेबासाठी नाव कापतात आणि इथे पैशाच्या हिशेबासाठी नाव राखतात. कॅलिफोर्नियात तर शाळेला अनुदानच रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतं. आपल्याकडेही रुपया हजेरीच्या मागे जुनाच लागलेला आहे. शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड ठेवला. पाऊणशे वर्षांनी, 1992 साली, महाराष्ट्र सरकारने गरीब घरच्या मुलींना शाळेत आल्याबद्दल रोज 1 रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. महाराजांचा रुपया घराला चांगलाच टोचत असणार. माझ्या काळातल्या रुपयात एक गोळीही धड येत नव्हती.

बॉथेलची एक गोष्ट राहिली. 2020 च्या मार्चमध्ये तिथल्या शाळांनी मुलांना स्वतःच सांगितलं, येऊ नका. अमेरिकेतला पहिला नोंदलेला कोरोना रुग्ण याच भागातला. राज्याचा आदेश येण्याआधीच, 5 मार्चला, बॉथेलच्या नॉर्थशोअर शाळा-जिल्ह्याने सगळ्या शाळा बंद केल्या, वीस हजारांहून जास्त मुलांच्या. पुढच्या सोमवारी वर्ग संगणकावर सुरू झाले आणि आठवडाभरात थांबवावे लागले, कारण सगळ्या मुलांना ते सारखेपणाने मिळत नव्हते. पडद्यावरचा चौकोन काळा असला तर मूल हजर धरायचं की गैरहजर? पुढे हा प्रश्न जगभरच्या शिक्षकांना पडला. घरी राहण्याची सवय तेव्हा लागली ती लागलीच. अमेरिकेत वर्षातले दहा टक्के दिवस बुडवणारी मुलं 2019 च्या सुमारास शंभरात पंधरा होती, 2022 मध्ये अठ्ठावीस झाली.

पुण्याहून परतल्यावर एका संध्याकाळी आम्ही पुन्हा कावळे बघायला गेलो होतो. मी नातीला ऊस, कोयता, ट्रक असं सगळं सांगत होते. तिने विचारलं, "आजी, मग ती मुलं आली नाहीत की तू कारण काय लिहायचीस?"

मी म्हटलं, "आमच्या कॅटलॉगात कारणाचा रकानाच नव्हता गं."

ती म्हणाली, "मग कडेला लिहायचंस."

कडेला जागा होती.