संधिवाताने हाड का झिजते?

(ज्ञातिमंडळाच्या लोणंद येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मी वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. मॅट्रिक होऊन मुलांना शिकविण्यात माझे आयुष्य गेले. तरीही आज रोगाच्या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे, याचे कारण माझ्या हातून घडलेली एक चूक होय.

माझ्या थोरल्या वहिनींच्या हातची भाकरी खाऊन मी लहानाचा मोठा झालो. ऐन चाळिशीत सकाळी उठल्यावर त्यांची बोटे ताठ होऊ लागली, मूठ वळेना. दोन्ही हातांचे सांधे सुजले. कोणी एकाने पुड्या दिल्या, त्यांनी ठणका थांबला. दादांनी पुण्यास नेण्याची गोष्ट काढली, तेव्हा घरातला शिकलेला म्हणून माझाच शब्द चालला : "दुखणे राहिले आहे, आता खर्च कशाला?" दोन वर्षांनी क्ष-किरण चित्र काढले, तो बोटांच्या हाडांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसल्या. ठणका निजला होता, रोग जागाच होता.

हे कसे घडले, ते मी पुढे वाचून व डॉक्टरांना विचारून समजून घेतले. माधवनिदान या जुन्या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र वर्णन आहे. आज ज्यास रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, त्याच्याशी त्याचे बरेच साम्य आहे. या रोगात शरीराची संरक्षक शक्तीच वाट चुकते आणि परक्या शत्रूऐवजी स्वतःच्या सांध्यावर चालून जाते. सांध्याला आतून एक पातळ अस्तर असते. ते सुजते, जाड होते आणि कूर्चेवर व हाडाच्या कडेवर पसरू लागते.

आता हाड म्हणजे काही निर्जीव लाकूड नव्हे. जुन्या वाड्याची डागडुजी चालावी, तशी त्याची दुरुस्ती जन्मभर चालते. अस्थिनाशक पेशी जुने हाड काढतात, अस्थिजनक पेशी नवे बांधतात. या दोन कामांचा मेळ असतो. सुजलेल्या अस्तरातून टी.एन.एफ., इंटरल्यूकिन-६ अशी द्रव्ये निरोप्याप्रमाणे सुटतात. त्यांच्या प्रभावाने रँक-एल नावाचे द्रव्य वाढते, आणि ते रक्तातून आलेल्या कोवळ्या पेशींना अस्थिनाशक बनविते. या पेशी हाडाला चिकटतात, आम्लाने त्यातील क्षार विरघळवितात आणि पाचक द्रव्यांनी उरलेला सांगाडा पचवितात. त्याच वेळी बांधणाऱ्या पेशींचे काम दाहामुळे मंदावते. पाडणारे गवंडी वाढले आणि बांधणारे बसून राहिले, मग वाडा कसा टिकावा?

म्हणूनच नुसता ठणका मारणारी गोळी हाड वाचवीत नाही. दाहच शमविला पाहिजे. लंडनमध्ये फेल्डमन आणि लुधियाना येथे जन्मलेले रविंदर मैनी यांनी १९९२ साली टी.एन.एफ.ला अडविणारे औषध रोग्यांना प्रथम दिले. पुढील प्रयोगांत अशा औषधांनी सूज उतरलीच, शिवाय हाडांची झीजही रोखली गेली. ही औषधे महाग असतात, परंतु उपचाराची सुरुवात बहुधा मेथोट्रेक्सेट या स्वस्त गोळीने होते. ती आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. रोज घेतल्यास जिवावर बेतते. रक्ततपासणी व डॉक्टरांची देखरेख यांवाचून ती घेऊ नये, आणि गरोदरपणी तर मुळीच नव्हे.

प्रत्येक सांधेदुखी हाच रोग, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या शेजारच्याच पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोपडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर पाहणी केली. शंभर प्रौढांत सुमारे अठरांना हाडे, सांधे वा स्नायू यांचे दुखणे आढळले, पण हा रोग मात्र दोनशेंत सुमारे एकालाच. तो ओळखण्याच्या खुणा ध्यानात ठेवा : हातापायांच्या लहान सांध्यांवर, बहुधा दोन्ही बाजूंस, सूज, सकाळी तासभर न जाणारा ताठपणा, आणि हे सहा आठवड्यांहून अधिक टिकणे. अशा वेळी विलंब न करता सांध्यांच्या तज्ज्ञाकडे जावे. घरात विडी-सिगारेट असेल तर तीही सोडावी, कारण धूम्रपानाने या रोगाचा धोका वाढतो.

लोणंदच्या बाजारात कांदा विकणारा शेतकरी चाळीतला एक कांदा नासला की तो लगेच बाहेर काढतो; सगळी चाळ नासेपर्यंत थांबत नाही. तीच दक्षता आपण आपल्या आयाबहिणींच्या हातांविषयी दाखवावी. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांनाच अधिक होतो, आणि आमच्या घरांतून स्त्रीचे दुखणे सर्वांत शेवटी विचारले जाते.

वहिनींची सूज आज औषधाने आटोक्यात आहे. वाकलेली बोटे मात्र सरळ झाली नाहीत. त्यांना आता भाकरी थापता येत नाही. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. म्हणूनच तो मी स्वतःस लावून आपणांपुढे उभा आहे.