टीसीएलच्या आवाक्याबाहेरचे पाणी

तारापूर-बोईसर भागात पिण्याच्या पाण्याला रोगजंतूंचा आणि रसायनांचा असा दुहेरी धोका आहे. ग्रामीण महाराष्ट्राची पाणी शुद्धीकरणाची सारी व्यवस्था मात्र मुख्यतः पहिल्या धोक्यासाठी उभी राहिली आहे.

ही व्यवस्था साधी आहे आणि ती चोख पाळली तर गुणकारीही आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत किंवा टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचे द्रावण टाकतो आणि अर्ध्या तासाने ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी घेतो. नमुना पिवळा झाला की पाण्यात क्लोरीन उरला आहे असे समजते. भारतीय मानकानुसार नळाच्या टोकाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावा लागतो. पटकी, विषमज्वर, अतिसार यांना आळा बसतो तो यानेच. पावसाळ्यात शोषखड्ड्यातले, उकिरड्यावरचे पाणी झिरपून विहिरीत उतरते तेव्हा तर यात हयगय चालत नाही.

पण पिवळा रंग फक्त क्लोरीनबद्दल बोलतो. जड धातू, क्षार, कारखान्यातील द्रावके यांबद्दल तो काहीच सांगत नाही. पाणी उकळल्यानेही बहुतेक विरघळलेले क्षार जात नाहीत. उलट, वाफ उडून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण थोडे वाढतेच. तुरटीने गाळ बसतो, एवढेच.

तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे आणि कापड यांचे कारखाने दाटीने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018च्या प्रदूषण निर्देशांकात ही वसाहत 93.69 गुणांनी देशात सर्वाधिक प्रदूषित ठरली. 70च्या वर गुण गेले की ‘अतिप्रदूषित’ असा शिक्का बसतो. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी हे त्याआधीच ओळखले होते. त्यांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेचा दावा 2016मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे आला, तो खाडीत आणि समुद्रात जाणाऱ्या सांडपाण्यावरूनच.

जमिनीखालचे चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. इथल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून वाहते; म्हणून एका बोअरचे पाणी बिघडते आणि शेजारच्या विहिरीचे चांगले राहते. किनाऱ्यालगत जादा उपशाने खारे पाणीही आत सरकते. त्यामुळे केवळ चवीवरून किंवा शेजाऱ्याच्या अनुभवावरून निवाडा करणे धोक्याचे आहे.

नळाने दुरून, प्रक्रिया केलेले पाणी येते तिथे पिण्यापुरती चिंता कमी होते. तरी नळ आटला की पाय विहिरीकडेच वळतात. म्हणून विहिरींची तपासणी चालू ठेवावी लागते. जल जीवन मिशनच्या पद्धतीनुसार जिवाणू तपासणी वर्षातून दोनदा आणि रासायनिक तपासणी एकदा होते. गावातल्या तपासणी संचावर आम्लता, क्षारता, क्लोराइड, नायट्रेट, लोह यांसारखे घटक कळतात. कारखान्यातील द्रावके मात्र कळत नाहीत. त्यांच्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि कोणते घटक तपासायचे हे आधी स्पष्ट लिहून द्यावे लागते. नेहमीच्या यादीत नसलेला घटक सहसा कोणी आपणहून शोधत नाही. जिवाणू तपासणीचा नमुना निर्जंतुक बाटलीत, थंड ठेवून, 24 तासांच्या आत पोहोचवायचा असतो.