आसनापलीकडचा योग



योग म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सतरंजी, शीर्षासन आणि सकाळची कवाईत उभी राहते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१४ साली २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून मान्य केल्यापासून शाळांच्या पटांगणांवर हे दृश्य दरवर्षी दिसते. त्यात गैर काहीच नाही. शरीर धड असणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र पतंजलींच्या सुमारे १९५ सूत्रांपैकी आसनाचे विवेचन अवघ्या तीन सूत्रांत आटोपते, आणि त्यांत एकाही आसनाचे नाव नाही. बैठक स्थिर व सुखाची असावी, एवढीच अपेक्षा आहे. पुढे प्राणायामापासून समाधीपर्यंतची वाट चालताना देहाने मध्येच तक्रार करू नये, हा तिचा हेतू.

अष्टांगांत आसन तिसरे. त्याआधी यम आणि नियम येतात, आणि योगवर्गांतून बहुधा तेच गळतात. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह हे पाच यम. जात, स्थळ, काळ वा प्रसंग यांची सबब न सांगता ते पाळले तरच ते महाव्रत होते, असे सूत्रकारांचे म्हणणे आहे. ही अट वाटते तितकी सोपी नाही. अस्तेय म्हणजे केवळ दुसऱ्याच्या घरात न शिरणे नव्हे. कचेरीची वेळ, शाळेचा तास, ग्रामनिधीतील रुपया यांनाही ते लागू पडते. सकाळी सूर्यनमस्कार घालून दुपारी दाखल्यासाठी आलेल्या वृद्ध शेतकऱ्यास विनाकारण हेलपाटे घालावयास लावणारा गृहस्थ फार तर उत्तम व्यायामपटू ठरेल.

स्वामी कुवलयानंद यांचे उदाहरण येथे मोलाचे आहे. अमळनेर येथे अध्यापन केलेल्या या साधकाने मालसरच्या माधवदास महाराजांकडून योगाचे शिक्षण घेतले आणि १९२४ साली लोणावळ्यास आश्रम स्थापिला. योगक्रियांचे शरीरावरील परिणाम यंत्रांनी मोजून ते ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून त्यांनी प्रसिद्ध केले. देहाचे इतके काटेकोर मोजमाप करणाऱ्या या पुरुषाने आश्रमाचे नाव मात्र कैवल्यधाम ठेवले. कैवल्य हे योगसूत्रांच्या शेवटच्या पादाचे नाव.

मन आवरत नाही ही अर्जुनाची तक्रार गीतेच्या सहाव्या अध्यायात आहे. त्यावर अभ्यास आणि वैराग्य हा उपाय सांगितला आहे. पतंजलींनीही हीच जोडी दिली. अभ्यास वेळापत्रकात बसतो, वैराग्य बसत नाही. तेव्हा वर्गातील मुलांना पाच मिनिटे शांत बसविताना शिक्षकाने स्वतःही डोळे मिटून बसावे. तेवढा वेळ मुलांवर नजर ठेवली नाही तरी चालेल.